'हॅलो' पाठवून पाइप तपासला जात नाही

मित्रहो, चाइल्ड प्रोसेसला, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमला, पाइपमधून इनपुट देणारा कोड आपण सगळेच लिहितो आणि त्याची टेस्टही सगळे सारखीच लिहितो. 'हॅलो' पाठवायचं, 'हॅलो' परत आलं का ते बघायचं. माझीही टेस्ट अशीच होती, रोज पास व्हायची. मग एकाने त्या प्रोग्रॅमला मोठी फाइल दिली आणि तो जागीच थांबला. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, सीपीयू शांत. अशी चूक शोधायला सगळ्यात अवघड, म्हणून आज तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो.

पाइप म्हणजे एका प्रोग्रॅमचा डेटा दुसऱ्याकडे नेण्यासाठी कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, ठरावीक मापाची जागा. लिनक्सवर हे माप सहसा ६५,५३६ बाइट असतं. जागा भरली की लिहिणारा थांबतो, रिकामी झाली की वाचणारा थांबतो. बेल लॅब्समधले डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप आणला. लिहिणारा-वाचणारा असे थांबतात म्हणूनच प्रचंड मोठी फाइलही थोड्याशा मेमरीतून पलीकडे जाते. मला ही रचना आजही फार सुंदर वाटते.

आता पायथॉन घ्या. पॅरेंट, म्हणजे चाइल्डला सुरू करणारा आपला प्रोग्रॅम, आधी सगळं इनपुट लिहितो आणि मग आउटपुट वाचायला बसतो. चाइल्ड आहे 'कॅट', मिळालेला मजकूर जसाच्या तसा पुढे देणारा प्रोग्रॅम. कॅट वाचेल तसं लगेच पुढे लिहितो, पण त्याचं आउटपुट कुणीच उचलत नाही. तो आउटपुटचा पाइप भरतो, कॅट थांबतो. कॅट वाचेना, म्हणून इनपुटचा पाइपही भरतो आणि पॅरेंट थांबतो. दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. याच कोडमध्ये कॅटच्या जागी ओळी क्रमाने लावणारा 'सॉर्ट' लावा, सगळं सुरळीत चालेल! शेवटची ओळ हाती येईपर्यंत सॉर्टला पहिली ओळ छापताच येत नाही, त्यामुळे तो आधी सगळं गिळतो. म्हणजे सॉर्टवर तपासलेला चुकीचा कोड कितीही दिवस बरोबर भासेल. ६५,५३७ बाइट पाठवूनही भागत नाही, कारण वाटेत दोन पाइप आहेत आणि कॅटचा स्वतःचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवणही आहे. मी सरळ एक एमबी पाठवतो आणि टाइमआउट, म्हणजे वेळेची मर्यादा, लावतो. पायथॉनचं तयार 'कम्युनिकेट' फंक्शन वापरलं तर लिहिणं-वाचणं जोडीने चालतं आणि ही कोंडी होत नाही. फक्त टाइमआउट झाला तर ते चाइल्डला मारत नाही, ते आपण करायचं. पायथॉनचंच दुसरं फंक्शन 'सबप्रोसेस डॉट रन' मात्र मारतं.

दुसरी गोष्ट शेवटाची. इनपुट संपलं हे चाइल्डला कळतं ते पाइपचं लिहिण्याचं टोक सगळीकडे बंद झाल्यावरच. त्याची एक प्रत चुकून दुसऱ्या चाइल्डकडे गेली असेल, तर पहिला वाट बघतच राहतो. पायथॉन ३.४ पासून अशी प्रत आपोआप वारशाने जात नाही, पण इतर भाषांत आणि जुन्या कोडमध्ये हे घडतं. म्हणून दोन चाइल्ड एकदम सुरू करा, पहिल्याचं इनपुट बंद करा आणि तो खरंच संपतो का बघा.

फक्त सुरुवातीच्या ओळी छापणाऱ्या 'हेड'सारखा चाइल्ड थोडंसं वाचून निघून जातो, तोही तपासा. पाइपमध्ये स्वतः लिहीत असाल तर ब्रोकनपाइपएरर, म्हणजे वाचणारा निघून गेल्याची एरर, येईल. कम्युनिकेट ती गिळून टाकतं, म्हणून चाइल्ड संपताना देतो तो आकडा, म्हणजे रिटर्नकोड, बघायलाच हवा.

आणि आता आपल्या लिपीबद्दल. अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'मराठी' लिहायला पंधरा बाइट लागतात. ६५,५३६ ला तीनने भागलं तर बाकी एक उरते. म्हणजे नुसता देवनागरी मजकूर पाइपच्या मापाएवढे तुकडे करून वाचला, तर पहिलाच तुकडा एका चिन्हाच्या मधोमध तुटतो. प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड केला, म्हणजे बाइटची परत अक्षरं केली, की युनिकोडडीकोडएरर येते. इंग्रजी मजकुरावर ही चूक कधीच दिसणार नाही, कारण तिथे अक्षराला एकच बाइट. इन्क्रिमेंटल डीकोडर अर्धवट बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो, तो वापरा. माझ्या टेस्टमधलं एक एमबी म्हणजे साडेतीन लाख वेळा 'क'. परत येताना ते साडेतीन लाखच भरतात का, हे मी मोजून घेतो.