परक्या अवयवाला आपलेसे करणारी लस

श्रोतेहो, नमस्कार. लस रोगजंतूंची आगाऊ ओळख करून देते, हे आपण जाणताच. आज ज्या लशीविषयी बोलायचे आहे, तिचे काम नेमके उलटे आहे: दात्याच्या पेशींची ओळख अशी करून द्यायची की, पुढे त्याचे मूत्रपिंड बसवल्यावर शरीराने त्यावर हल्लाच करू नये.

या कल्पनेचे मूळ गोठ्यात आहे. १९४८ साली स्टॉकहोमच्या आनुवंशिकी परिषदेत ह्यू डोनाल्ड या पशुसंशोधकाने ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांना विचारले की, गायीची जुळी वासरे एकबीज (एकाच फलित बीजापासून झालेली) आहेत की द्विबीज (दोन वेगळ्या बीजांपासून झालेली), हे खात्रीने कसे ओळखावे? महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांच्या त्वचारोपणावर काम केल्यामुळे परकी त्वचा टिकत नाही हे मेडावार यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी सांगून टाकले, "एकाची कातडी दुसऱ्याला लावा, टिकली तर एकबीज, गळली तर द्विबीज." शिवाय ते स्वतः प्रात्यक्षिक करून दाखवण्याचे कबूल करून बसले. पुढे डोनाल्ड यांनी त्या शब्दाची आठवण करून दिली, तेव्हा मेडावार आणि त्यांचे सहकारी बिलिंगहॅम यांना गोठ्यात उतरावेच लागले. पाहतात तो काय, जवळजवळ सगळ्याच जोड्यांत कातडी टिकली; एक गोऱ्हा आणि एक कालवड अशा, एकबीज असणे शक्यच नसलेल्या जोड्यांतसुद्धा!

उलगडा अमेरिकन संशोधक रे ओवेन यांच्या १९४५ च्या संशोधनात होता. जुळ्या वासरांचे रक्त गर्भातच एकमेकांत मिसळते, म्हणजे जन्माआधीच ओळख झालेली असते. मग बिलिंगहॅम, मेडावार आणि त्यांचे आणखी एक सहकारी ब्रेंट यांनी उंदरांच्या गर्भात परक्या वाणाच्या पेशी टोचल्या, आणि त्यांतल्या काही उंदरांनी मोठेपणी त्याच वाणाची त्वचा स्वीकारली. हे १९५३ साली प्रसिद्ध झाले. १९६० चे नोबेल मेडावार आणि अशा ओळखीचा सिद्धांत आधीच मांडणारे बर्नेट यांना मिळाले. बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांचे नाव त्यात नसणे मला आजही खटकते.

अडचण अशी की, रुग्ण गर्भात नसतो. त्याची प्रतिकारशक्ती पूर्ण तयार झालेली असते. म्हणून आज ती औषधांनी रोज दाबून ठेवावी लागते, आणि अवयवाबरोबर जंतूंनाही मोकळीक मिळते. दात्याची अस्थिमज्जा (हाडांतला, रक्तपेशी तयार करणारा मगज) मूत्रपिंडाबरोबर देऊन मोजक्या रुग्णांची ही औषधे थांबवता आली आहेत. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशींवरही काम चालू असून, २०२५ चे नोबेल त्यांच्याशी निगडित शोधांनाच मिळाले.

तरीही ही उलटी लस अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे, नेहमीच्या उपचारांत ती आलेली नाही. तेव्हा प्रत्यारोपण झालेल्यांनी आपली औषधे मनाने थांबवू नयेत. नेहमीच्या लशी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रियेआधीच पूर्ण कराव्यात, कारण गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लशी नंतर सहसा देता येत नाहीत.