पांढरं होण्याआधी

(दृश्य: निळ्या पाण्यात पांढरीशुभ्र फांदी. कॅमेरा हळूहळू जवळ.)

ही प्रवाळाची फांदी मेलेली वाटते ना? थोडं थांबा. टोकाकडे बघा, इवलेसे पारदर्शक हात हलताहेत. पॉलिप, म्हणजे प्रवाळ घडवणारा इवलासा प्राणी, जिवंत आहे. त्याच्या आतलं बिऱ्हाड तेवढं उठून गेलंय.

ते बिऱ्हाड म्हणजे एकपेशीय शैवाल. पॉलिपच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये, पातळ पटलाच्या पिशवीत हे शैवाल राहतं. एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाखोंच्या संख्येनं. ऊन घ्यायचं, साखर करायची आणि तिचा मोठा वाटा यजमानाला द्यायचा, हा त्याचा दिनक्रम. प्रवाळाचा तपकिरी रंगही बहुतांशी त्याचाच. ते गेलं, की पारदर्शक कातडीतून खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. यालाच आपण ब्लीचिंग म्हणतो.

पण पांढरा रंग दिसतो तोवर मुख्य घडामोडी उरकलेल्या असतात. त्या बघायच्या तर पेशीत शिरावं लागतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली शैवालाच्या गोल, सोनेरी पेशी.)

पाणी किती तापावं लागतं? त्या जागच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा जेमतेम १ अंश जास्त. हात घातला तर आपल्याला कळणारही नाही. ही ऊब काही आठवडे टिकली, की पुरे.

शैवालात प्रकाश पकडणारं जे यंत्र आहे, त्यात डी-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते उन्हानं रोजच मोडतं आणि रोजच दुरुस्त होतं. उष्णतेत दुरुस्ती मागे पडते, ऊन मात्र पडतच राहतं. प्रकाशाची ऊर्जा वापराविना साचते, इलेक्ट्रॉन भलतीकडे वळतात आणि ऑक्सिजनला जाऊन चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड बनतो, पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड. हा पेरॉक्साइड पटलांना फारसा जुमानत नाही. पिशवीतून झिरपून तो थेट यजमानाच्या पेशीत येतो.

यजमानही तोवर स्वस्थ नसतो. काही तासांतच त्याच्या केंद्रकात धावपळ सुरू झालेली असते. जनुकं तीच, पण कोणतं किती वाचायचं ते बदलतं. हीट शॉक प्रथिनांच्या नकला धडाधड निघू लागतात. उष्णतेनं घडी विस्कटलेली प्रथिनं पकडून पुन्हा नीट घडी घालायची, हे यांचं काम. जी सुधारत नाहीत त्यांना खूण करून मोडीत काढलं जातं. ऑक्सिजनची विषारी रूपं निवळवणारी विकरं वाढतात. या सगळ्याला ऊर्जा लागते, आणि ती नेमकी आताच कमी पडायला लागलेली असते.

इथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. तांबड्या समुद्रातल्या एका प्रवाळावरचा प्रयोग २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. तापलेल्या पाण्यात हा प्रवाळ स्वतःचीच प्रथिनं जाळू लागला आणि त्यातून अमोनियम सुटलं. शैवालाला ते खतासारखं लागू पडलं! ते वाढू लागलं आणि साखर स्वतःकडेच ठेवू लागलं. म्हणजे बिऱ्हाड उठण्याआधीच घरात उपासमार सुरू झाली होती.

मग निरोप. तोही एकाच वाटेनं नाही. कधी पेशी शैवालाला बाहेर ढकलते, कधी आतल्या आत पचवून टाकते. कधी कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात आणि पेशी शिस्तीत आत्मनाश करते. कधी अख्खी पेशीच शैवालासकट सुटून पाण्यात वाहून जाते.

(दृश्य: ओहोटी. उथळ, चमकणारं पाणी.)

आता पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआमधलं ओफू बेट. इथे ओहोटीच्या वेळी एका डबक्यातलं पाणी ३४ अंशांच्या वर जातं आणि भरतीबरोबर पुन्हा उतरतं. शेजारच्या डबक्यात एवढा चढउतार नसतो. डॅनियल बार्शिस, स्टीफन पालुंबी आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडचे एकाच जातीचे प्रवाळ तपासले. २०१३मध्ये त्यांनी मांडलं ते असं : जास्त तापणाऱ्या डबक्यातल्या प्रवाळांत सुमारे ६० जनुकं पाणी साधं असतानाही चढ्या पातळीवर चालू होती. उष्णता येण्याआधीच तयारी. याला नाव पडलं फ्रंटलोडिंग.

ही तयारी शिकता येते का? साध्या डबक्यातल्या वसाहती उचलून तापणाऱ्या डबक्यात लावल्या. दोन वर्षांच्या आत त्यांची सहनशक्ती वाढली. पण तिथल्या मूळ रहिवाशांशी बरोबरी झाली नाही. साधारण निम्मंच अंतर कापलं गेलं. उरलेलं निम्मं त्या मूळ रहिवाशांच्या घडणीतच असावं, आणि ते जागा बदलून मिळत नाही.

(दृश्य: रात्र. तीच पांढरी फांदी.)

आपल्या पॉलिपनं हात पसरलेत. तरंगत येणारा एखादा सूक्ष्म जीव पकडायचा, अंगातली चरबी पुरवून वापरायची. आत थोडं शैवाल अजून शिल्लक आहे. पाणी लवकर निवलं तर तेवढ्यावरूनही पेशी पुन्हा भरू शकतात.

(दृश्य: तापमापकाचा आकडा. तो उतरलेला नाही.)