मास्टर पीस झिजला तर?

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, मापात बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल पेटीत टाकायचा. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. बाजारात दुधीसुद्धा हे मापून घेतात, असं आमच्या घरी माझ्याबद्दल बोललं जातं. पण आज बोलायचंय गुडघ्याबद्दल. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या धाकट्या लेकीचा गुडघा गेला आणि पुढचं वर्षभर त्याची मापं माझ्या वहीत उतरत गेली, एवढाच माझा अधिकार.

ती कबड्डी खेळते, चढाईला जाते. एप्रिल महिना होता. कळव्याला संध्याकाळचा सराव चालला होता, मॅटवर. बोनस रेषेवर पाय टाकून ती मागे वळली. कोणी पकडलं नव्हतं, कोणी ढकललं नव्हतं. बुटाने मॅट धरून ठेवली, अंग वळलं आणि गुडघा आतल्या बाजूला दुमडला. ‘कट्ट’ असा आवाज आला तो बाजूला बसलेल्या राखीव मुलीलाही ऐकू गेला. मला वाटायचं, असली दुखापत धसमुसळ्या पकडीत होत असेल. नंतर कळलं, या इजा बहुतेक वेळा अशाच होतात. वळताना, उडी मारून उतरताना, पळता पळता एकदम थांबताना. समोरचा खेळाडू हातभर लांब असतो. आणि मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे.

मैदानावर एक जण तेल लावून गुडघा ओढून बसवायला निघाला होता. लेकीने त्याला हात लावू दिला नाही, हे तिचं शहाणपण. रात्री आठपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. आवाज येणं आणि दोन-चार तासांत भराभर सूज चढणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आत रक्त साठलंय असं समजायचं आणि सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. आम्ही तेवढं तरी वेळेवर केलं.

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये, गुडघ्याच्या अगदी पोटात, दोन दोऱ्या एकमेकींना फुली मारून जातात. त्यातली पुढची ती एसीएल. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. नडगीला पुढे सरकू द्यायचं नाही आणि गुडघ्याला पीळ बसू द्यायचा नाही, ही तिची कामं. डॉक्टरांनी लेकीला उताणं झोपवलं, गुडघा वीस-तीस अंशांत वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. आधी चांगला पाय. ओढ लागली आणि ठक्कन थांबली. मग दुखरा पाय. ती ओढ थांबेचना, सैल पट्ट्यासारखी नुसती सरकत गेली. याला लॅकमनची चाचणी म्हणतात. १९७६ साली ती लिहिली गेली आणि एमआरआयच्या जमान्यातही तिचं महत्त्व कमी झालेलं नाही.

मी विचारलं, ‘‘डॉक्टर, किती मिलिमीटर सरकली?’’

ते हसले. म्हणाले, ‘‘काका, माझ्या हाताला कळतं तेवढं पुरे. पण मोजणारं यंत्रही असतं. दोन पायांत तीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक आला, की दोरी तुटली असल्याचा संशय बळावतो.’’

तीन मिलिमीटर! आमच्याकडे तीन शतांश मिलिमीटरला नग परत यायचा. पण माणसाचं शरीर आहे, त्याचा टॉलरन्स, म्हणजे चालू शकणारा फरक, वेगळा.

दोरी तुटली म्हणजे ऑपरेशन आलंच, असं मात्र धरून चालू नका. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांचे दोन गट केले होते. एका गटाचं ऑपरेशन लगेच, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि लागलंच तर पुढे ऑपरेशन. २०१० साली निष्कर्ष आले. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. आमच्या शेजारच्या गृहस्थांची हीच दोरी तुटली. ते रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारतात, नौपाड्यातले तीन जिने चढतात, त्यांचं काही अडत नाही. माझ्या लेकीला मात्र परत चढाईला जायचं होतं, आणि जिन्यात उतरतानाही तिचा गुडघा दगा देत होता. तेव्हा ऑपरेशन ठरलं, पण सूज उतरून पाय पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, असं सांगितलं गेलं.

त्या थांबण्याच्या दिवसांतच माझी वही सुरू झाली. पाचपाखाडीत एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. त्यांची हत्यारं पाहून मी खूशच झालो. एक शिंप्याची टेप, एक खडू आणि एक गोनिओमीटर. हा गोनिओमीटर म्हणजे आमचा कोनमापकच, फक्त हात लांब आणि प्लॅस्टिकचे. एक हात मांडीच्या हाडाच्या रेषेत, दुसरा घोट्याकडे, मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या टेंगळावर. दोन माणसांनी मोजलं तर चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून बाई म्हणाल्या, ‘‘दर वेळी मीच मोजणार, काका. तुम्ही लिहा.’’ एकच यंत्र, एकच हात. तपासणी खात्यातला पहिला नियम कोणी न सांगता त्यांना माहीत होता.

पाय पूर्ण सरळ होतो का, हे पाहायची त्यांची युक्ती मला फार आवडली. पेशंटला पालथं झोपवायचं, गुडघ्याखालचे दोन्ही पाय पलंगाबाहेर लटकते ठेवायचे आणि दोन टाचांच्या उंचीतला फरक मोजायचा. एक सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने एक अंश. कोनमापकावर न दिसणारे दोन-तीन अंश इथे उघडे पडतात. आणि ते दोन-तीन अंश क्षुल्लक नाहीत हं. पाय सरळ होत नसेल तर माणूस कायम किंचित वाकून चालतो आणि मांडीचा स्नायू भरत नाही.

मे महिन्यात, म्हणजे ऑपरेशनच्या आधी, बाईंनी आणखी एक गोष्ट केली. चांगल्या पायावर लेकीला लंगडी उडी मारायला लावली. एका पायावर उडायचं, त्याच पायावर उतरायचं आणि तोल न जाऊ देता थांबायचं. क्लिनिकच्या पॅसेजमध्ये खडूची रेघ, टाचेपर्यंत टेप. तीन उड्यांची सरासरी १४२ सेंटिमीटर. मी लिहून ठेवलं. तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

जूनमध्ये ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा पट्टा, काढून नवी दोरी केली, हाडांत बोगदे पाडून बसवली. तिसऱ्या दिवशी घरी. त्या आठवड्यात पाऊस असा कोसळत होता, की कुबड्यांवरच्या मुलीला ओल्या जिन्यावरून वर नेताना आम्ही तिघे तिच्या मागेपुढे होतो. लेक आपल्या मांडीकडे बघून तिला हुकूम सोडायची, ‘‘उचल!’’ आणि मांडी ढिम्म हलायची नाही. गुडघ्यात सूज असली की मज्जासंस्थाच त्या स्नायूचा पुरवठा तोडते. स्नायू शाबूत असतो, त्याला निरोपच पोचत नाही. वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटरवर मांडीचा घेर मोजला तर सहाव्या आठवड्यात साडेतीन सेंटिमीटर कमी भरला.

आणि इथे एक फसगत असते. माझी समजूत अशी, की जोड बसवला म्हणजे वेल्डिंग झालं, थंड झालं की काम संपलं. तसं नसतं. नव्या दोरीला सुरुवातीला रक्तपुरवठाच नसतो. शरीर तिच्यात हळूहळू नव्या वाहिन्या घालतं, तिची वीण बदलतं. त्या बदलात ती आधी कमजोर होते, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या काळात सगळ्यात जास्त. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, कुबड्या गेलेल्या असतात, आणि मुलगी स्टेशनच्या पुलावर मैत्रिणींबरोबर लोकल पकडायला धावू बघते.

डिसेंबर उजाडला. सहा महिने झाले. कबड्डीच्या स्पर्धांचा हंगाम. संघातून फोनावर फोन. ‘‘सहा महिन्यांत सगळे उतरतात हो, काका.’’ आम्ही पाचपाखाडीला गेलो. खडूची रेघ, टेप. ऑपरेशनचा पाय ११३ सेंटिमीटर, चांगला पाय १२४. भागाकार केला, एक्याण्णव टक्के. नव्वदच्या वर म्हणजे पास, असा सर्रास वापरला जाणारा निकष आहे. लेक उड्या मारायला लागली. दोन्ही पायांवर, सुदैवाने.

मी वही चाळत होतो. मेमध्ये हाच चांगला पाय १४२ भरला होता. आता १२४?

कारखान्यात आम्ही मास्टर पीस ठेवायचो. त्याच्याशी ताडून बाकीचे नग पास करायचे. एकदा असं झालं, की दोन महिने सगळे नग पास होत राहिले आणि गिऱ्हाइकाकडून मात्र धडाधड परत येत राहिले. शोधलं तेव्हा कळलं, मास्टर पीसच झिजला होता. इथे तेच झालं होतं. सहा महिने लेक मैदानाबाहेर. ऑपरेशनच्या पायाबरोबर दुसरा पायही ढिला पडला, आणि आम्ही त्या ढिल्या पायाला प्रमाण मानत होतो. ११३ भागिले १४२ केलं, तर ऐंशी टक्के.

बाईंनी वही हातात घेतली आणि तो आकडा लेकीसमोर धरला. त्या दिवशी रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही. तलावपाळीपाशी पाणीपुरीसाठीही थांबली नाही.

पुढे बाईंनीच तिला समजावलं. नॉर्वेतला एक अभ्यास आहे, २०१६ सालचा, अशाच १०६ जणांवर दोन वर्षं नजर ठेवून केलेला. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत, मैदानात उतरणं जितके महिने पुढे ढकललं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण निम्म्याने कमी होत गेलं. आणि नुसते महिने मोजूनही भागत नाही. मांडीची ताकद यंत्रावर मोजावी लागते. कारण उडी लांब गेली म्हणजे गुडघा तयार झाला असं नसतं, खुबा आणि घोटा त्याचं ओझं गुपचूप उचलतात. लेकीची मांडी तेव्हा उडीपेक्षाही मागे होती.

टेपने न मोजता येणारंही काही असतं. एसीएलसारख्या दोऱ्या शिवल्याची पहिली नोंद १८९५ सालची, इंग्लंडमधल्या लीड्सची. मेयो रॉबसन नावाचे सर्जन आणि एक खाणकामगार. सहा वर्षांनी त्या कामगाराने आपला पाय एकदम मजबूत असल्याचं सांगितलं, तेच तेव्हाचं मोजमाप. आज त्याच ‘कसं वाटतंय?’ची रीतसर प्रश्नपत्रिका झाली आहे. बारा प्रश्नांची एक तर केवळ मनाच्या तयारीची आहे. गुडघ्याचा विचार न करता खेळू शकाल का, पुन्हा दुखापत होईल अशी भीती वाटते का, असे प्रश्न. लेकीने पेन हातात धरून भीतीच्या प्रश्नावर बराच वेळ काढला. मग खूण केली ती मधोमध. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.

हंगाम गेला. मार्चमध्येही मांडीची ताकद कमीच भरली, म्हणून आणखी थांबलो. अकराव्या महिन्यात उडी १३५ गेली, म्हणजे मेच्या त्या १४२ च्या पंचाण्णव टक्के. मांडीची ताकदही नव्वद टक्क्यांच्या पुढे आली. मग सराव, आधी एकटीने, मग साखळीसमोर. पहिल्या चढाईला बोनस रेषेपाशी ती वळली, तेव्हा मी मॅटकडे पाठ करून उभा होतो, हे कबूल करतो.

गेल्या रविवारी तिने ती वही काढली आणि माझी पाळी आणली. ‘‘उड्या नकोत तुम्हाला. खुर्चीवरून एका पायावर उठा, हात न टेकता. दमाल तिथे थांबा.’’ हिची आई मोजायला. डाव्या पायावर नऊ वेळा उठलो, उजव्यावर पाच. लेकीने भागाकार केला.

‘‘छप्पन्न टक्के, बाबा. लाल पेटीत.’’

नमस्कार.