काळं-पांढरं मांजर दत्तक घेताय? आधी खिडकीला जाळी लावा

नमस्कार. संस्थेच्या दत्तक-पोस्टमध्ये काळं-पांढरं पिल्लू दिसलं, पांढरे मोजे, काळी मिशी, आणि तुमचं मन बसलं. फॉर्म भरण्याआधी हा व्हिडिओ पूर्ण बघा.

पहिली गोष्ट, काळं-पांढरं ही जात नाही. हे आपलं साधं देशी मांजर. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने तयार होतात आणि तिथून अंगभर पसरतात. काही पिल्लांत त्या छाती, पोट, पंजे इथवर पुऱ्या पडत नाहीत, म्हणून पाठ काळी आणि पाय पांढरे. तिरंगी मांजर जवळपास नेहमी भाटी असते, तसं इथे काही नाही. बोका की भाटी हे शेपटीखाली बघूनच कळतं. स्वभाव तर रंगावरून अजिबात कळत नाही. म्हणून फोटोवरून मांजर पक्कं करू नका, भेटायला जा.

भेटायला गेलात की उचलायची घाई नको. जमिनीवर बसा, एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा आणि थांबा. वास घेऊन गाल घासला तर उत्तमच. कोपऱ्यात दबून राहिलं तरी ते वाईट मांजर नव्हे. त्याला वेळ लागेल एवढंच. घरात लहान मुलं, सतत पाहुणे असतील तर थोडं धीट मांजर निवडा. आणि दिवसभर घर रिकामं असेल तर एकाच वेताची दोन पिल्लं न्या. एकटं पिल्लू कंटाळलं की रात्री तुमच्या पायांची शिकार करतं.

आता कागद. लसीकरणाचं कार्ड मागा. मांजरांची तिहेरी लस पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंविरुद्ध असते. पहिला डोस साधारण ८ आठवड्यांना, मग दर ३ ते ४ आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर. जंताचं औषध कधी दिलं, पुढचं कधी, तेही लिहून घ्या. घरात आधीचं मांजर असेल तर एफआयव्ही आणि एफईएलव्ही या, एका मांजराकडून दुसऱ्याला लागणाऱ्या दोन विषाणूंच्या तपासण्या झाल्यात का, हे नक्की विचारा. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर घाबरू नका. नसबंदी झाल्याची ती खूण आहे.

एक गोष्ट तुम्ही स्वतः संस्थेला सांगायची. तुमच्या घरात अलीकडे पॅनल्यूकोपेनियाने मांजर गेलं असेल तर लपवू नका. तो विषाणू फरशीच्या फटीत, गादीत वर्षभर तग धरतो. अशा घरात लस पूर्ण झालेलं मोठं मांजरच न्यावं, पिल्लू नाही.

आता घर. होम व्हिजिटला, म्हणजे तुमचं घर बघायला, आलेले संस्थेचे स्वयंसेवक सगळ्यात आधी खिडक्या बघतात, आणि ते बरोबरच करतात. ग्रिलच्या गजांमधून पिल्लाचं डोकं गेलं की धडही जातं. सरकत्या खिडकीची मच्छरजाळी म्हणजे सुरक्षा नव्हे. कबुतरावर झेप घेतली की मांजर जाळीसकट खाली जातं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते, पण चारही कडा घट्ट हव्यात, आणि चावायची सवय असलेल्या मांजरासाठी स्टीलची जाळीच लावा. हे काम मांजर येण्याआधी. ‘रविवारी माणूस येणार आहे’ असं असेल तर मांजर सोमवारी आणा.

आणताना झाकण घट्ट लागणारा कडक कॅरियर. पिशवी नको, कुशीत नको. रिक्षात शेजारून ट्रक गेला की शांत मांजरही ओरबाडून उडी मारतं.

घरी आल्यावर पूर्ण घर दाखवू नका. एक खोली द्या. एका कोपऱ्यात लिटर ट्रे (शी-शूसाठी लिटर, म्हणजे वाळूसारखे दाणे, भरलेला ट्रे), समोरच्या कोपऱ्यात खाणं-पाणी, आणि लपायला आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं. ट्रेमध्ये लिटर ५ सेंटिमीटर जाड. सुरुवातीला संस्थेत वापरतात तेच लिटर घ्या. ओलं झालं की गोळे होणारं लिटर ४ महिन्यांखालच्या पिल्लाला नको, ती ते खातात. मांजर पलंगाखाली बसलं तर ओढून काढू नका. रात्री सगळे झोपले की ते स्वतःच बाहेर येतं. पण खाण्यावर लक्ष हवं. मोठं मांजर पहिला दिवस उपाशी राहू शकतं. ४८ तासांच्या आत खायला लागलं नाही तर डॉक्टर, कारण उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. छोट्या पिल्लाने अर्धा दिवस काही खाल्लं नाही तरी लगेच न्या.

खाण्याबद्दल स्पष्ट बोलतो. दूध-पोळी आणि दहीभात हे मांजराचं जेवण नाही. गाईच्या दुधाने बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात. मांजराला टॉरिन हा घटक खाण्यातून पुरेसा मिळावाच लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला की हळूहळू दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. कुत्र्याचं खाणंही त्याला पुरत नाही. घरात मांसाहार चालत नसेल तर मांजराच्या वाटीत तो चालेल का, हे घरातल्या मोठ्यांशी आधी बोला.

काळ्या-पांढऱ्या मांजराचा एक फायदा आहे. पांढऱ्या पोटावर पिसवा चटकन दिसतात. काळ्या पाठीवर बारीक कंगवा फिरवा आणि निघालेला भुगा ओल्या टिश्यूवर टाका; तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणेच घ्या. कुत्र्याचं औषध थेंबभरही लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात आणि ते दगावतं. घरातली पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला विषच. नाक किंवा कानांची टोकं पांढरी असतील तर दुपारच्या उन्हात बसू देऊ नका, आणि तिथली खपली बरी होत नसेल तर दाखवा. पांढऱ्या भागाला त्वचेच्या कर्करोगाचा धोका असतो.

घरात आधीचं मांजर असेल तर १० ते १४ दिवस नव्या मांजराच्या खोलीचं दार बंद. आधी दोघांच्या अंथरुणांची अदलाबदल करा, मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग फटीतून नजरानजर. फुसफुस झाली की एक पायरी मागे.

बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळपर्यंत थांबू नका. मार्ग तुंबलेला असू शकतो, आणि त्यात एका-दोन दिवसांत जीव जातो. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आजच शोधून ठेवा. मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय जुनं आणि परिचित आहे.

नसबंदी झाली नसेल तर पिल्लू ५-६ महिन्यांचं होईल तेव्हाची तारीख आत्ताच ठरवा. आणि काही कारणाने नाहीच जमलं, तर दत्तक करारात लिहिलेलं असतं तसं मांजर संस्थेलाच परत द्या. ‘तिथे खायला मिळेल’ म्हणून मासळी बाजारात सोडू नका. तिथले बोके आपली हद्द राखून असतात, आणि घरात वाढलेल्या मांजराला त्यांच्यापुढे उभंही राहता येत नाही.