फाइल घेऊन फिरणाऱ्या सिस्टर

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी दहाच्या सुमाराला आपल्या कोल्हापुरात दसरा चौकातून सीपीआरकडे, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्याकडे आलात, की दारात एखादी मुलगी हमखास दिसते. केस घट्ट बांधलेले, ड्रेसला इस्त्री आणि छातीशी धरलेली प्लॅस्टिकची फाइल. पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात डबा असतो, थर्मास असतो. हिच्या हातात नुसती फाइल. ही मुलगी सिस्टर आहे. शिकलेली, परीक्षा पास झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवलेली सिस्टर. आणि ती काम शोधतेय. इथं चौकशी करून ती शाहूपुरीत जाणार, तिथून राजारामपुरीत. एकेक गल्ली, एकेक दवाखाना. आणि प्रत्येक काउंटरवर तिला एकच प्रश्न विचारला जाणार, "अनुभव किती?"

आज मला या प्रश्नाबद्दलच बोलायचंय. अनुभव किती?

मी 33 वर्षं सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, शेवटची 9 वर्षं इन्चार्ज सिस्टर म्हणून. माझा निकाल लागला आणि दोन महिन्यांत ऑर्डर घरी आली. अनुभव किती, असं मला कुणी विचारलं नाही. वॉर्डात उभं केलं, शेजारी एक मोठ्या सिस्टर होत्या, त्यांनी हाताला धरून शिकवलं. आत्ताच्या पोरींना ते शेजारी उभं राहणारं माणूसच मिळत नाही.

एक प्रसंग सांगते. घरी कुणीही आलं तरी मी तो सांगते, आज तुम्हाला सांगते.

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, माझ्या चुलत सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. वय ऐंशीच्या पुढचं. तरुणपणी गंगावेस तालमीत घडलेले, खासबागेच्या मैदानात कुस्त्या केलेले. पण दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या आणि त्या एवढ्या मोठ्या देहातलं पाणीच गेलं. डोळे खोल, जीभ कोरडी. शहरातलाच एक 25 खाटांचा दवाखाना. सलाइन तातडीनं लावायला हवं होतं.

दोन पोरी आल्या. गुलाबी अ‍ॅप्रन घातलेल्या, कोवळ्या वयाच्या. बारावी झाल्या झाल्या थेट कामाला लागलेल्या, नर्सिंगचा कोर्स केलेला नाही, तिथंच बघून बघून शिकलेल्या. त्या पोरींना मी अजिबात बोल लावणार नाही, घरची गरज त्यांनाही होती. पण मामंजींच्या दोन्ही हातांवर मिळून त्यांनी पाच वेळा सुई टोचली. पाचही वेळा शीर फुटली. तळहाताच्या मागची कातडी जांभळी झाली. अख्ख्या आयुष्यात कधी हूं की चूं न केलेला माणूस, त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी स्टुलावर बसले होते. माझे हात शिवशिवत होते. पण दवाखाना दुसऱ्याचा, मी तिथं नातेवाईक. "बाळ, जरा शेकून घे हात," एवढं म्हणाले, तर ती म्हणाली, "मॅडम, आम्ही बघतो." बिचारी घाबरली होती.

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर एक मुलगी दोन तासांपासून बसलेली होती, डॉक्टरांना भेटायला. मांडीवर फाइल. ती उठून उंबऱ्याशी आली आणि हळूच म्हणाली, "काकू, मी जीएनएम आहे. मी बघू का?" जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली.

नेमके तेवढ्यात डॉक्टर राऊंडला आले. मी त्यांना सांगितलं. ते घाईत होते, हातांवरचे डाग बघून म्हणाले, "बघ बाई, बघ."

श्रोतेहो, आता नीट ऐका, कारण मला जे सांगायचंय ते सगळं पुढच्या वीस मिनिटांत घडलं.

त्या मुलीनं फाइल माझ्या मांडीवर ठेवली. मग ती बेसिनकडे गेली आणि तिनं हात धुतले. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मग तिनं सुई मागितलीच नाही. गरम पाणी आणि टॉवेल मागितला. टॉवेल पिळून स्वतःच्या मनगटावर लावून बघितला, फार गरम नाही ना म्हणून, आणि मामंजींचा डावा हात कोपरापासून खाली गुंडाळला. "आजोबा, हात खाटेच्या खाली सोडा, मोकळा." दहा मिनिटं ती तशीच उभी राहिली. कुणाशी बोलली नाही.

ट्रेमध्ये गुलाबी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घालायची सुई आणि तिच्यावरची बारीक नळी, ठेवलं होतं. गुलाबी म्हणजे 20 नंबरचं, जाड. ती म्हणाली, "निळं आहे का?" निळं म्हणजे 22, त्याहून बारीक. म्हाताऱ्या माणसाच्या शिरा हाताला दोरीसारख्या लागल्या तरी आतून नाजूक असतात. जाड सुई घातली की फुटतात. मग तिनं दंडाचा पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधला, उघड्या कातडीवर नाही. फार आवळला नाही. आणि शीर शोधताना चापट्या मारल्या नाहीत. बोटाच्या टोकानं दाबत, सोडत, दाबत, सोडत, जवळजवळ डोळे मिटून. तळहाताच्या मागं सगळ्यांनी टोचून ठेवलं होतं, तिनं तिकडं बघितलंच नाही. कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला तिला शीर लागली. डाव्या अंगठ्यानं कातडी खाली ताणून धरली आणि सुई अगदी आडवी घातली. मागच्या छोट्या नळीत रक्ताचा लाल ठिपका आला. तिनं लगेच पट्टा सोडला आणि मगच बारीक नळी आत सरकवली.

एका टोचण्यात.

मग चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनानं तारीख नि वेळ लिहिली. ते बघितलं आणि मी मनात म्हटलं, ही ज्या वॉर्डात शिकली तिथली इन्चार्ज कडक असणार.

मामंजींनी मान वळवली. "झालं?"

"झालं, आजोबा."

"कुठल्या गावची गं तू?"

"राधानगरीकडची."

मामंजी डॉक्टरांना म्हणाले, "उद्यापासनं हिलाच बोलवा. दुसऱ्या कुणी हाताला हात लावायचा न्हाई."

आणि आता त्या डॉक्टरांचा प्रश्न ऐका. मुलीनं फाइल उघडून त्यांच्यापुढं धरली, आणि त्यांनी विचारलं, "अनुभव किती?"

"सर, फ्रेशर आहे."

"फ्रेशर नकोत आम्हाला."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर जे झालं, ते काय होतं मग?" ते काही बोलले नाहीत. पण मामंजी दवाखान्यात होते ते तीन दिवस तिला बोलावलं, रोजाचे 300 रुपये देऊन. चौथ्या दिवशी सांगितलं, ये कामाला. पगार 8 हजार, ड्युटी 12 तासांची, दोन वर्षांचा बॉन्ड, आणि सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं आमच्याकडं जमा. ती मला विचारायला जिन्याखाली आली. मी म्हटलं, "ओरिजिनल दाखव, झेरॉक्स दे, ओरिजिनल परत घे." ते तयार झाले नाहीत. तिनं फाइलची दोरी बांधली आणि निघाली.

जाताना मामंजींनी तिला थांबवलं. माझ्या नातवाच्या वहीचं एक रेघी पान फाडून घेतलं. सहावी शिकलेला माणूस, हाताला सूज होती, अर्धा तास लावून त्यांनी लिहिलं: ह्या मुलीने माझी शीर एका दमात धरली. हिचा हात हलका आहे. हिला कामावर घ्यावे. खाली सही केली. दवाखान्यानं तीन दिवसांचा अनुभवाचा कागद दिला नाही, तो माझ्या चुलत सासऱ्यांनी दिला. आज ती पुण्यात एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत आहे. ते पान अजून तिच्या फायलीत आहे, नोंदणीच्या प्रमाणपत्राच्या मागं.

सलाइनचा विषय निघालाच आहे तर एक बोलून घेते. मामंजींना सलाइनची खरंच गरज होती. पण आपल्याकडं गावोगाव माणसं जरा अशक्तपणा वाटला की दवाखान्यात जाऊन "एक बाटली लावा" म्हणतात. अहो, पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम. एका भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे. खाता-पिता येत असेल तर भाकरी खा, ताक प्या. उगाच शिरा खराब करून घेऊ नका, म्हातारपणी लागतात त्या.

तर विषयाकडं येते. ही पोरगी फ्रेशर म्हणजे काय? जीएनएमला 3 वर्षं आणि बीएस्सी नर्सिंगला 4 वर्षं लागतात, आणि त्यातला मोठा काळ वॉर्डात जातो. सकाळी सातला वॉर्डात, दुपारी वर्गात, पुढं नाइटसुद्धा. म्हणजे दवाखान्यात उभं राहून ती तयार झालेली असते. तो अनुभव कुणी मोजत नाही.

मग अडतं कुठं? रुग्ण कमी आहेत का? मुळीच नाही. भारतीय नर्सिंग कौन्सिलचा निकष सांगतो, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 3 रुग्णांमागं एक परिचारिका, साध्या रुग्णालयात 5 मागं एक. मी स्वतः 40 पेशंटचा वॉर्ड रात्री एकटीनं सांभाळलाय. गरज आहे, पण पदं भरत नाहीत. सरकारी जाहिरात निघते ती वाट बघून बघून वय वाढल्यावर. अधिपरिचारिकेच्या, म्हणजे सरकारी सिस्टरच्या, पदाला सातव्या वेतन आयोगात मूळ पगारच 35,400 पासून सुरू होतो, त्यामुळं एकेका जागेसाठी केवढी झुंबड उडते. मधल्या काळात कंत्राट. आणि खाजगीत म्हणाल, तर आपल्याकडं बहुतेक दवाखाने लहान, डॉक्टर नवरा-बायकोंनी चालवलेले. त्यांचाही खर्च मोठा आहे हे मी मान्य करते. पण तो खर्च वाचवायचा म्हटलं की पहिली कात्री सिस्टरच्या पगाराला लागते. बिनशिकलेली पोरगी 5-6 हजारांत मिळते, मग शिकलेली कशाला?

करोनात मात्र शिकलेल्या लागल्या. 22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरी देऊन पोरींना कोविड सेंटरवर उभं केलं. लाट ओसरली आणि ऑर्डरी संपल्या. मे 2021 मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं होतं की ज्यांनी 100 दिवस कोविडची ड्युटी केली त्यांना पुढच्या नियमित सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. ज्यांच्याकडं तो दाखला असेल त्यांनी तो जपून ठेवा आणि अर्ज करताना जोडा.

पगाराचंही सांगते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रानं समिती नेमली. तिनं म्हटलं, 200 हून जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेएवढाच पगार द्या. 100 ते 200 खाटा असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 असतील तर फार तर 25 टक्के कमी. आणि 50 पेक्षा लहान दवाखान्यात? तिथंही 20 हजारांच्या खाली नको. पुन्हा सांगते, अगदी लहान दवाखान्यातसुद्धा 20 हजार. ही शिफारस आहे, राज्यांनी ती अमलात आणायची होती. ती वाचली तेव्हा मला 8 हजार आणि बारा तास आठवले. हे मनाला फार लागतं.

आता मुलींनो, तुमच्यासाठी. ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाकडंही ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. ओरिजिनल ठेवू नका. पगार, ड्युटीचे तास आणि बॉन्ड लेखी घ्या, सही करायच्या आधी वडिलांना किंवा भावाला वाचायला द्या. महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी दर 5 वर्षांनी नव्यानं करावी लागते, काम नसेल तरी ती चुकवू नका. नोंदणी सरली की हातातली संधीही जाते. परदेशाचं म्हणाल, तर जर्मनीला जर्मन भाषा हवी, इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा, आखातात तिथली लायसन्सची परीक्षा, आणि बहुतेक ठिकाणी आधी इथला एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. तेव्हा कोण एजंट "पैसे भरा, लगेच पाठवतो" म्हणाला, तर घरची दागिन्यांची डबी उघडू नका.

आणि घरी बसून ऐकणाऱ्या माझ्या मायबहिणींनो, तुमचं माणूस ॲडमिट कराल तेव्हा खोलीला एसी आहे का हे विचारता ना? त्याच्या जोडीला हेही विचारा, "रात्रीला नोंदणी असलेली सिस्टर कोण आहे?" दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला दवाखाना उत्तर तयार ठेवेल.

डॉक्टर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. वर्षाला एक तरी नवी मुलगी घ्या आणि तिला सहा महिने जुन्या सिस्टरच्या शेजारी उभी करा. मला जशी उभी केली होती तशी. आणि काउंटरवर बसणाऱ्यांनो, तिला दोन-दोन तास बाकावर बसवून ठेवू नका. जागा नसेल तर नाही म्हणून लगेच सांगा. पाणी विचारा. तिला सीबीएस स्टँडवरून गावाकडची एसटी गाठायची असते, आणि संध्याकाळची चुकली तर पुढची गाडी फार उशिरा असते.

नमस्कार.