पथकामागची घरं

(मैदानाचं फाटक. संध्याकाळ. मुलं आत पळतायत.)

साडेपाच वाजत आलेत. फाटकापाशी मुलं सायकलींवरून, गाड्यांतून उतरतायत, गळ्यातला स्कार्फ सारखा करतायत आणि आत धावतायत. पाच-सात मिनिटांत बाहेर फक्त मोठी माणसं उरतात. काही लगेच निघून जातात. काही रेंगाळतात, आत डोकावतात, कोणीतरी बोलावेल का याचा अंदाज घेतात. स्काउट पथक वर्षानुवर्षं चालणार की दोन वर्षांत बंद पडणार, हे पुष्कळदा या रेंगाळणाऱ्या माणसांवर ठरतं. ही फिल्म त्यांच्याविषयी आहे.

(मैदानात गोल करून बसलेली मुलं. हातात दोरीचे तुकडे.)

आत मुलं सहा-सहा, आठ-आठच्या गटांत बसली आहेत. या गटाला संघ म्हणतात. संघाचा नायक कोणी मोठा माणूस नसतो, तो त्या मुलांमधलाच एक असतो. आज रीफ नॉट शिकायची आहे. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दुसऱ्या वेळी क्रम चुकला तरी गाठ दिसायला जवळपास तशीच दिसते, पण ताण आला की सरकते. बँडेज बांधायला हीच गाठ वापरतात, कारण ती चपटी बसते आणि अंगाला टोचत नाही.

ही मुलगी पुन्हा पुन्हा चुकतेय. थोड्या अंतरावर तिची आई उभी आहे आणि तिचे हात शिवशिवतायत. एवढ्यात संघनायिका शेजारी येऊन बसते. ती मुलीची दोरी हातात घेत नाही. स्वतःच्या दोरीवर सावकाश गाठ घालून दाखवते, सोडते, पुन्हा घालते.

आईनं पुढं होऊन गाठ बांधून दिली असती, तर काम क्षणात झालं असतं. मग मुलीला गाठ आली नसती आणि संघनायिकेला शिकवता आलं नसतं. घरच्यांनी स्काउट पथकात उतरायचं म्हणजे मदत भरपूर करायची, पण मुलाच्या हातातली दोरी काढून घ्यायची नाही. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्या बहुतेक पालकांना मात्र सगळ्यात जड गेलं ते हेच.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं: बेट, तंबू, टोप्या घातलेली मुलं.)

ही रीत पहिल्या शिबिरापासूनची आहे. ऑगस्ट 1907. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल बंदरातलं ब्राउन्सी बेट. स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी तिथं सुमारे वीस मुलं गोळा केली. काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली होती, तर काही कष्टकरी घरांतली. त्यांचे चार संघ केले: लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे. प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर टाकली.

पुढच्याच वर्षी या कल्पना पंधरवड्याला एक अशा सहा भागांत छापून आल्या. मुलांच्या ज्या संस्था आधीपासून होत्या त्यांनी हे उपक्रम उचलावेत, एवढीच बेडन-पॉवेल यांची अपेक्षा होती. पण मुलांनी वाट पाहिली नाही. त्यांनी ते अंक विकत घेतले, गल्लीगल्लीत आपापले संघ उभे केले, आणि मग एखादा मोठा माणूस आपल्याला वेळ देईल का, हे शोधत फिरू लागली. आज पालक मुलाला पथकात घालतात. तेव्हा मुलंच मोठ्यांना ओढून आणत होती.

घरातली बाकीची मुलंही फार काळ बाहेर राहिली नाहीत. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला दहा हजारांच्या आसपास स्काउट जमले, तेव्हा न बोलावता काही मुलीही गणवेशात येऊन उभ्या राहिल्या. 1910 मध्ये गर्ल गाईड्स सुरू झाल्या आणि त्यांची सूत्रं बेडन-पॉवेल यांच्या बहिणीनं, ॲग्नेस यांनी घेतली. धाकटी भावंडंही दादाच्या मागं मैदानावर यायची आणि परत जायला तयार नसायची. त्यांच्यासाठी 1916 मध्ये कब विभाग निघाला. पुढं बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ऑलेव्ह यांनी गाईडचं काम हाती घेतलं, आणि 1930 मध्ये त्यांना जागतिक चीफ गाईड म्हणून निवडलं गेलं. एकेक माणूस करत अख्खी घरंच या कामात आली, आणि चळवळीची वाढ झाली ती अशीच.

आज 170 हून अधिक देशांत स्काउटिंग चालतं. जागतिक संघटनेनं स्काउट पद्धतीचे आठ घटक मांडले आहेत. त्यांत वचन आणि नियम आहेत, संघपद्धती आहे, करून शिकणं आहे, निसर्ग आहे. आणि प्रौढांचा आधार हासुद्धा एक स्वतंत्र घटक आहे. मोठ्यांसाठी वापरलेला शब्द ‘आधार’ आहे, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

(एका घराची गच्ची. दोरीवर पसरलेली राहुटी.)

हा आधार प्रत्यक्षात कसा दिसतो, ते पाहायचं असेल तर शिबिर संपल्यानंतरच्या दिवशी एखाद्या घरी जावं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलं दमलेली असतात, पालक न्यायला आलेले असतात, सगळ्यांना घाई असते. पाऊस पडून गेला असेल तर राहुट्या ओल्याच उतरवाव्या लागतात. ओली राहुटी तशीच घडी घालून कोठीत टाकली, की कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, पाणी अडवणारा आतला थर सुटायला लागतो, आणि एकदा धरलेला कुबट वास जाता जात नाही. नवी राहुटी म्हणजे पथकाच्या तिजोरीवर मोठा भार. म्हणून नीट चाललेल्या पथकात प्रत्येक घर एकेक राहुटी घरी नेतं. गच्चीवर, गॅलरीत, जिन्याच्या कठड्यावर, जागा मिळेल तिथं ती वाळत पडते. आजी खुंट्या धुऊन मोजते, वाकलेल्या वेगळ्या काढते. आजोबा उसवलेल्या शिवणीला टाके घालतात. बाबा तणाव्यांच्या गाठी सोडवत बसतात. आणि शिबिराला गेलेलं मूल? तेही तिथंच हवं. राहुटी वापरणाऱ्यानंच ती वाळवून, झाडून, घडी घालून परत करायची, हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. ते काम मोठ्यांनी परस्पर उरकलं, तर पुन्हा तीच दोरी हातातून काढून घेतल्यासारखं होतं.

गणवेश घालून मुलांसमोर उभं राहणं सगळ्यांना जमत नाही, आणि त्याची गरजही नाही. पथकाला हिशेब ठेवणारं माणूस लागतं. शिबिराच्या जागेची परवानगी काढणारं लागतं. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या कालबाह्य गोळ्या वेळच्या वेळी काढून टाकणारं लागतं. पावसाळी संध्याकाळी चार मुलांना गाडीतून घरी सोडणारं लागतं. ब्रिटनसारख्या देशात, जिथं ही चळवळ जन्मली, तिथंही मुलं प्रतीक्षा यादीत थांबतात, कारण मोठी माणसं अपुरी पडतात. मैदान असतं, मुलं असतात, आठवड्याची एक संध्याकाळ देणारं माणूस नसतं.

(खोलीत पसरलेलं सामान. मूल यादी पाहत पिशवी भरतंय.)

आता पहिल्या शिबिराच्या आदल्या रात्रीबद्दल. इथं थोडं थांबायला हवं, कारण इथं घराचं वागणं मुलाच्या पुढच्या कित्येक शिबिरांना पुरतं.

पिशवी मुलानं स्वतः भरावी. यादी द्या, शेजारी बसा, विचारलं तर सांगा. पण हात लावू नका. बॅटरी कुठल्या कप्प्यात आहे, हे अंधारात ज्यानं ठेवली त्यालाच आठवतं. मोजे घरी राहिले तर राहू द्या. पुढच्या वेळी राहणार नाहीत. औषधं आणि ॲलर्जीची माहिती मात्र मोठ्यांनीच, लेखी, पथकप्रमुखांच्या हातात द्यायची. तिथं मुलाच्या स्वावलंबनाचा प्रयोग करायचा नाही.

आणि एक वाक्य टाळायचं. ‘नाही करमलं तर सांग, लगेच न्यायला येतो.’ हे प्रेमापोटीच बोललं जातं. मुलाला मात्र त्यात असं ऐकू येतं की, तुला जमेल असं घरच्यांनाच वाटत नाही. मग पहिल्या रात्री पोटात कालवाकालव झाली की मूल ती ओसरायची वाट पाहत नाही, घरच्या वाटेकडे डोळे लावून बसतं. शिबिरात घरची ओढ लागणाऱ्या मुलांचा ज्यांनी अभ्यास केला आहे, ते तज्ज्ञही असं आश्वासन देऊ नका म्हणून सांगतात. त्याऐवजी आधी एखादी रात्र आत्याकडे किंवा मित्राकडे राहायचा सराव करावा. घरची आठवण येते, जवळजवळ सगळ्यांना येते, हे सरळ सांगावं. आठवण आली तर कोणाशी बोलायचं, ते माणूस आधी ठरवून द्यावं.

(मोठी माणसं, पाठीवर पिशव्या, रांगेत उभी.)

काही पालक पुढं जाऊन पथकप्रमुख होतात. त्यांनाही शिकावं लागतं. लंडनच्या कडेला असलेल्या गिलवेल पार्कमध्ये सप्टेंबर 1919 मध्ये प्रौढांचं पहिलं वुड बॅज प्रशिक्षण झालं. तिथं मोठ्या माणसांचेही संघ केले. त्यांना राहुट्यांत राहायला लावलं, मुलं जे करतात तेच करायला लावलं. ही पद्धत आजही टिकून आहे. वुड बॅज मिळवणारे प्रमुख गळ्यात लाकडी मणी घालतात, ते या प्रशिक्षणाचे.

आपल्याच मुलाच्या पथकाचं प्रमुख व्हावं का? आमचं मत असं की, व्हावं, पण डोळे उघडे ठेवून. त्या मुलाची दोन्हीकडून ओढाताण होते. बाबांनी कौतुक केलं तर बाकीची मुलं कुजबुजतात. ते टाळायला बाबा जास्त कडक झाले, तर मूल खट्टू होतं. यावर एक साधा उपाय पुष्कळ पथकं करतात: आपल्या मुलाची चाचणी आपण घ्यायची नाही, दुसऱ्या प्रमुखांनी घ्यायची. आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलालाच वाटू लागलं की आई-बाबा इथं नकोत, तर मनाला लावून न घेता लहान मुलांच्या विभागाकडे किंवा समितीकडे वळावं. कब विभागाला माणसं नेहमीच हवी असतात.

(पथकाची खोली. भिंतीवर नियमांचा फलक.)

एक विषय असा आहे, जो संकोचानं मागं ठेवायचा नाही. मुलांवर प्रेम करणाऱ्यांच्या या चळवळीत मुलांचा गैरफायदा घेणारेही शिरले. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संघटनेनं 2020 च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्या प्रकरणात लैंगिक अत्याचाराचे 82 हजारांहून अधिक दावे दाखल झाले. एकेका आकड्यामागे एक मूल होतं, आणि पुष्कळदा त्या प्रमुखावर विश्वास टाकलेलं एक घर होतं.

म्हणून पथकात नाव घालण्याआधी विचारायचं. प्रमुखांची पार्श्वभूमी कोण तपासतं? एकटा प्रौढ आणि एकटं मूल, असं इतरांच्या नजरेआड कधी राहत नाही ना? शिबिरात मोठ्यांची राहुटी मुलांपासून वेगळी असते ना? फोनवरचे निरोप मुलाला एकट्याला जातात, की त्यात दुसरं मोठं माणूसही असतं? तक्रार करायची झाली तर पथकाबाहेर कोणाकडे करायची? चांगल्या पथकात या प्रश्नांचं स्वागत होतं. प्रश्नांनी जिथं कपाळाला आठ्या पडतात, तिथून मुलाला घेऊन परत यावं. घरचे लोक मैदानावर असणं, येत-जात राहणं, हीसुद्धा मुलांची राखण आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. वर्गणी, गणवेश, शिबिराचा खर्च असतो. परवडत नसेल तर खजिनदारांना बाजूला घेऊन सांगावं; चांगली पथकं हे इतरांच्या कानावर जाऊ देत नाहीत. लहान झालेले गणवेश धुऊन, इस्त्री करून पथकाला परत द्यावेत.

(मुलं रांगेत. एक मूल तीन बोटं उंचावून उभं. मागं घरची माणसं.)

काही आठवडे येऊन-जाऊन झाल्यावर, नियम समजल्यावर दीक्षाविधी होतो. उजव्या हाताची तीन बोटं वर, कारण वचनाचे भाग तीन. मग डाव्या हातानं हस्तांदोलन. त्याआधी एखाद्या संध्याकाळी ते वचन सगळ्या घरानं मिळून वाचावं. शब्दांचा अर्थ मुलाला विचारावा, आपलाही सांगावा. श्रद्धेविषयीचे शब्द आपल्या घराला मानवतात का, हेही तेव्हाच बोलून घ्यावं आणि शंका असेल तर प्रमुखांना विचारावं.

आणि विधी झाल्यावर, मुलं खेळायला पांगली की, पथकप्रमुखांना गाठावं. ‘काही लागलं तर सांगा’ एवढं बोलून निघू नये. असं सांगणारे खूप असतात आणि प्रमुख कोणालाच फोन करत नाहीत. त्यापेक्षा, ‘महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी कोठीतल्या राहुट्या तपासून, दुरुस्त करून ठेवीन,’ असं सांगावं. दिवस ठरलेला, काम ठरलेलं. तसं सांगितलं की प्रमुख लगेच वही उघडतात आणि नाव लिहून घेतात.