रात्री दोनचा रस्सा

(दृश्य: मॉट स्ट्रीट, मध्यरात्रीनंतर. ओला रस्ता. एक रिकामी टॅक्सी कोपऱ्यावरून वळते.)

साल २००८, रात्रीचे दोन. कॅनॉल स्ट्रीटवर दिवसभर घड्याळं आणि पर्सा विकणारे केव्हाच पांगलेत. मासळीवाल्यांनी फुटपाथ धुऊन काढलाय, वास मात्र जागचा हललेला नाही. मॅनहॅटनच्या चायनाटाउनमधली बहुतेक शटरं खाली आहेत. मॉट स्ट्रीटवर १७ नंबरला फुटपाथवरूनच एक चिंचोळा जिना तळघरात उतरतो. खालून उजेड येतो, आणि त्याच्यामागून तापल्या तेलात पडलेल्या आल्या-लसणाचा वास.

हे वो हॉप, एक जुनं चिनी हॉटेल. १९३८ साली सुरू झालेलं. शेजारी १५ नंबरला, रस्त्याच्या पातळीवर, याच नावाचं आणखी एक हॉटेल आहे, आणि त्यातलं कुठलं बरं यावर न्यूयॉर्ककर हौसेनं भांडतात. आम्ही जिना उतरणाऱ्यांच्या पार्टीतले.

ही २००८ ची गोष्ट. नदीपलीकडे जर्सी सिटीत आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहायचो आणि वॉल स्ट्रीटजवळ एका कंपनीत कामाला होतो. बँकेच्या सिस्टिममध्ये काही बदल करायचा तर तो बाजार मिटल्यावर, म्हणजे शुक्रवारी रात्री. काम हातावेगळं होईपर्यंत एक-दीड वाजायचा. घरी फ्रीजमध्ये कुकरातली कालची डाळ वाट बघत असायची. त्या डाळीकडे जाण्याऐवजी आम्ही मॉट स्ट्रीट गाठायचो. तेव्हा रात्र सरत आली तरी या तळघराचं दार उघडं असायचं.

(दृश्य: भिंती. जवळून.)

भिंत म्हणून दिसतच नाही. गिऱ्हाइकांचे फोटो, एकावर एक, छतापर्यंत. मधेमधे सह्या केलेल्या एक-एक डॉलरच्या नोटा. लग्नाचे फोटो, गणवेशातल्या पोलिसांचे फोटो, दात पडलेल्या पोरांचे फोटो. आपल्याकडे नवसाच्या देवळात पाळणे आणि बाहुल्या टांगलेल्या असतात, तसं काहीसं. नवस कसला, ते मात्र ज्याचं त्याला ठाऊक.

अशा जुन्या चिनी-अमेरिकन हॉटेलांची एक रीत असते. बसलात की चहा येतो. बरोबर एका वाडग्यात तळलेल्या नूडल्स, बोटभर रुंद, फुगलेल्या. त्या बुडवायला दोन वाट्या: एकीत नारिंगी रंगाचा गोड-आंबट ‘डक सॉस’, ज्यात बदक औषधालाही नसतं, आणि दुसरीत वाटलेली मोहरी. ही मोहरी जिभेवर काही बोलत नाही. सरळ नाकातून वर चढते आणि डोळ्यांतून बाहेर पडते. आमच्यातल्या नागपूरकराला ‘तिखट मला शिकवू नका’ म्हणायची सवय होती. पहिल्या रात्री तो दोन मिनिटं गप्प बसला होता.

तळलेल्या नूडल्स आणि सॉस पाहून चायनीज भेळ आठवल्याशिवाय राहत नाही. आठवण येते तेवढीच. चव दूरची.

मग मेन्यू. रोस्ट पोर्क, एग रोल, वॉन्टन सूप, लो मेन, चाऊ फन, एग फू यंग, चॉप सुई. आज मॅनहॅटनमध्ये सिचुआनची जीभ बधिर करणारी मिरी मिळते, शियानच्या हातानं ओढलेल्या नूडल्स मिळतात. त्या शहरात ही यादी म्हणजे पणजोबांचा पेटारा उघडल्यासारखी आहे. ऑफिसात चीनमधल्या चेंगडूचा एक सहकारी होता. त्याला सांगितलं की आम्ही मॉट स्ट्रीटला जेवतो, तर तो अगदी दयाळूपणे म्हणाला, “ते चिनी जेवण नव्हे रे.”

त्याचं बरोबर होतं. पण तेवढ्यावर विषय मिटत नाही.

(दृश्य: एग फू यंगची बशी टेबलावर येते. कॅमेरा खाली, बशीच्या पातळीवर.)

ही बशी नीट बघा. कोंब आलेले मूग, कांदा, कधी कोळंबी किंवा पोर्क, हे सगळं अंड्यात कालवून भरपूर तेलात तळलेले जाडजूड गोळे. कडा करकरीत, पोट मऊ. आणि वरून ओतलेला तपकिरी, चकचकीत रस्सा. फू यंग हे मुळात एका फुलाचं नाव. या बशीत फूल शोधायला कवीच हवा. चमचा घातला की रस्सा आधी दाटून येतो, मग हळूच सुटतो. तो मक्याच्या पिठाचा, म्हणजे कॉर्नफ्लोअरचा गुण. सोया सॉस, स्टॉक म्हणजे उकळून काढलेला पातळ अर्क, चिमूटभर साखर, आणि शेवटी थंड पाण्यात कालवलेलं मक्याचं पीठ. दहा सेकंदांत रश्श्याला आरशासारखी चमक येते.

आमच्यातला एक मडगावचा. त्यानं पहिला घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. “अरे, हे तर रोस ऑम्लेट!”

आता ज्यांनी गोव्यात रात्री गाड्यावर उभं राहून खाल्लंय त्यांना पुढचं सांगायला नको. ऑम्लेट, त्यावर शाकुतीचा गरम रस्सा, वरून कच्चा कांदा, लिंबू, शेजारी पाव. कुणी कुणाकडून उचललं असा प्रश्नच नाही. दोन्हीकडे हिशेब एकच: अंडं स्वस्त, रस्सा पोटभरीचा, आणि खाणाऱ्याला घाई.

पुण्याचा जो होता तो शाकाहारी. घराबाहेर अंडं चालायचं, त्यापुढे नाही. त्याच्यासाठी भाज्यांचं एग फू यंग. आता या रश्श्यातला ‘स्टॉक’ म्हणजे रीतीप्रमाणे कोंबडीच्या हाडांचा. त्यानं कधी विचारलं नाही. आम्ही कधी सांगितलं नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. रेल्वेमार्ग, कामगारांच्या टोळ्या.)

हा रस्सा आला कुठून, ते कळायला जेवणाचं पुस्तक उपयोगाचं नाही, कायद्याचं उघडावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सोन्याच्या ओढीनं आणि नंतर रेल्वेच्या कामासाठी जे चिनी लोक कॅलिफोर्नियात उतरले, ते बहुतेक ग्वांगडोंग प्रांतातले, आणि त्यातही मोठा भरणा तैशान या एका तालुक्याएवढ्या भागातला. म्हणजे आपल्याकडे एखाद्या शहरातले सगळे खानावळवाले एकाच खोऱ्यातले निघावेत तसं. १८६९ साली अमेरिकेचा पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग जोडला गेला. काम संपलं, तशी या माणसांची गरजही संपली. १८८२ साली अमेरिकेनं कायदा केला: चिनी मजुरांना देशात प्रवेश बंद. आधी दहा वर्षांसाठी, मग आणखी दहा, मग बेमुदत. तो उठला १९४३ मध्ये, आणि उठला म्हणजे काय, तर वर्षाला १०५ माणसांचा कोटा मिळाला. एकशे पाच. मॉट स्ट्रीटवर एका रात्री त्याहून जास्त माणसं जेवून जात असतील.

जे आत होते त्यांना कारखान्यांनी आणि कामगार संघटनांनी दारात उभं केलं नाही. उरले दोन धंदे, धुलाई आणि रांधप. घरी ही दोन्ही कामं बायकांची मानली जायची, त्यामुळे गोऱ्या पुरुषाच्या पोटावर पाय येत नव्हता.

कायद्यात एक फट होती. बंदी मजुरांवर होती, व्यापाऱ्यांवर नव्हती. व्यापारी असलात तर मायदेशी जाऊन परत येता यायचं, बायकोमुलांना आणता यायचं. १९१५ साली एका न्यायालयानं हॉटेलचा मालकही या व्यापाऱ्यांत धरला. मग काय, दहा-वीस नातेवाईक पैसे गोळा करायचे आणि एक ऐटबाज हॉटेल काढायचे. ‘मालक’ होण्यासाठी वर्षभर भांड्याला किंवा बशीला हात लावायचा नाही, अशी अट. म्हणून पाळी लावायची: यंदा तू मालक, पुढे मी. आपली भिशीच ही, फक्त दर पाळीला पैशांऐवजी एका माणसाच्या कुटुंबाचा प्रवेश निघायचा.

हॉटेल चालायचं तर गोरं गिऱ्हाईक हवं. त्याला कोंबडीचे पाय नकोत, काटे असलेला अख्खा मासा नको. त्याला ओळखीचं मांस, ओळखीच्या आकारात, आणि घरच्या रोस्टवर असते तशी तपकिरी ग्रेव्ही हवी. तिथून ही बशी सुरू होते.

चॉप सुईची गंमत वेगळीच. १८९६ मध्ये चीनचे मुत्सद्दी ली होंगचांग न्यूयॉर्कला आले, त्यांच्या आचाऱ्यानं ती शोधली, अशी दंतकथा अजून सांगितली जाते. पण त्याच्या आधीपासून न्यूयॉर्कमध्ये चॉप सुईचे उल्लेख सापडतात. कँटनी शब्दाचा अर्थ साधारण ‘नाना तुकडे एकत्र’. मराठीत एकच शब्द पुरतो: मिसळ. एडवर्ड हॉपर या चित्रकारानं १९२९ मध्ये अशाच एका हॉटेलात बसलेल्या दोन बायका रंगवल्या, खिडकीबाहेर पाटीची अक्षरं. ते ‘चॉप सुई’ नावाचं चित्र २०१८ साली नऊ कोटी डॉलरच्या वर गेलं. प्रत्यक्ष चॉप सुई मागवणारी माणसं तोवर जवळपास संपली होती.

(दृश्य: स्वयंपाकघर. ज्वाळा. आवाज चालू ठेवावा, निवेदन थोडं थांबवावं.)

हा आवाज ऐका. जेट विमानासारखा. वॉकखालचा बर्नर घरच्या शेगडीच्या आठ-दहा पट आच देतो. इतकी, की शेगडीचा पत्रा वाकू नये म्हणून त्यावरून सतत पाणी वाहतं ठेवावं लागतं. आचाऱ्याच्या एका हातात वॉक, दुसऱ्यात लांब दांड्याचा डाव. त्याच डावानं तो तेल घेतो, मीठ घेतो, रस्सा घेतो, मोजमाप वेगळं नाही. चाऊ फनच्या रुंद, निसरड्या तांदळी नूडल्स परतताना ढवळलं तर लगदा, थांबलं तर करपलं. म्हणून ढवळायचं नाहीच, उडवायचं. धुराचा तो एक वास नूडल्सना लागला की खाली उतरवायचं. दीड-दोन मिनिटांचा मामला.

या वेगामुळेच हे हॉटेल रात्रीचं झालं. नाइट शिफ्टवाल्याला अर्धा तास थांबायला वेळ नसतो. आणि इथं शिफ्टवाले कमी नाहीत. दोन-तीन चौक पलीकडे सेंटर स्ट्रीटवर फौजदारी न्यायालय आहे, आणि तिथं रात्रीचं कोर्ट भरतं, एक वाजेपर्यंत. त्यानंतर वकील, कारकून, पोलीस आणि नुकतेच जामिनावर सुटलेले, सगळ्यांना एकाच वेळी भूक लागायची. त्यात भर टॅक्सीवाल्यांची, नर्सेसची, बारमधून लडखडत आलेल्या पोरांची.

हे फक्त न्यूयॉर्कचं नाही. मोंटानातल्या ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावात १९११ पासून पेकिन नूडल पार्लर चालू आहे. माळ्यावरची जागा, बाहेर ‘चॉप सुई’ची निऑन पाटी. खाणकामाला रात्र-दिवस नव्हता, तसा नूडल्सनाही नव्हता. अमेरिकेत हॉटेलांना आणि आचाऱ्यांना मानाचे पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड फाउंडेशननं २०२२ साली वो हॉपला आणि २०२३ साली पेकिनला ‘अमेरिकेचा वारसा’ या अर्थाचा सन्मान दिला. ज्यांना एकेकाळी बंदरावरूनच परत पाठवत होते, त्यांचा रस्सा आता वारसा. असो.

आणि नाताळ. लोअर ईस्ट साइडचे ज्यू आणि चायनाटाउन शेजारी शेजारी वाढले. नाताळच्या दिवशी बाकी सगळं बंद, चिनी हॉटेल उघडं. शिवाय चिनी जेवणात दूध नाही, त्यामुळे मांसाबरोबर दूध न खाण्याचा नियम आपोआप पाळला जातो. पोर्कचं काय, हे विचारायचं नाही. २०१० मध्ये एलेना केगन या ज्यू बाईंची अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशपदासाठी सिनेटसमोर सुनावणी चालली होती. नाताळला तुम्ही कुठे होता, असं एका सिनेटरनं विचारलं, तेव्हा त्यांनी सगळ्या ज्यूंसारखी बहुधा चिनी हॉटेलात, असं उत्तर देऊन सभागृह हसवलं होतं.

(दृश्य: ईस्ट ब्रॉडवे, पहाट. बसची रांग.)

१९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि नवे लोक आले. मग ऐंशी-नव्वदच्या दशकांत फूज्यानचे. मॅनहॅटन पुलाखाली ईस्ट ब्रॉडवेवर नोकऱ्या लावणाऱ्या कचेऱ्या होत्या. भिंतीवर चिठ्ठ्या, चिठ्ठीवर पगार, आचारी हवा की वेटर, आणि त्या भागाचा टेलिफोन कोड. गावाचं नाव बऱ्याचदा नसायचंच. कोड घ्यायचा, बसमध्ये बसायचं, रात्री कुठल्याशा मॉलजवळ उतरायचं आणि सकाळी तळणीपुढे उभं राहायचं. कित्येकांना अमेरिका अशी तीन-तीन आकड्यांतच पाठ होती.

एका रात्री, कुठल्या हॉटेलात ते राहू दे, आम्ही उशिरापर्यंत रेंगाळलो. मागच्या गोल टेबलावर नोकर मंडळी जेवायला बसली. मधे वाफवलेला अख्खा मासा, वर आल्याच्या काड्या. हिरवी पालेभाजी. पातळ सूप. तपकिरी रस्सा कुठेच नव्हता. आम्ही बघतोय हे वेटरच्या ध्यानात आलं. त्यानं चॉपस्टिकनं आमच्या बशीकडे बोट केलं, म्हणाला, “तुमचं,” मग आपल्या माशाकडे, “आमचं,” आणि माशाच्या गालाचा तुकडा काढून शेजारच्या म्हाताऱ्याच्या वाडग्यात ठेवला.

(दृश्य: कागदी डबा. हात तो उघडतात.)

उरलेलं बांधून घ्यायला तो प्रसिद्ध पांढरा डबा. त्याचं पेटंट १८९४ चं, शिकागोचं, आणि तो केला होता कालवं नेण्यासाठी. चिनी काहीच नाही, त्यावरचा पॅगोडासुद्धा १९७० च्या दशकात छापला गेला. एकाच कागदाची घडी. तार काढून कडा सोडवल्या की डबा उलगडून बशी होते, आणि हे बहुतेकांना आयुष्यभर कळत नाही.

आम्हालाही कळलं नव्हतं. पाथ ही जर्सीला जाणारी लोकल रात्रभर चालू असते, पहाटे तिनं घरी जायचं. डब्यातून सोया-लसणाचा वास सुटायचा, समोर पेंगणारा माणूस एक डोळा उघडायचा आणि परत मिटायचा.

शनिवारी दुपारी उठलो तर पुणेकर स्वयंपाकघरात. डबा ओट्यावर उलगडून पसरलेला, थंड रस्सा खळीसारखा थिजलेला. त्यानं तव्यावर फ्रोजन पोळी गरम केली होती, आणि पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवून अगदी मन लावून खात होता.

“मस्त लागतंय रे,” तो म्हणाला. “ह्यात असतं तरी काय?”

मडगावकरानं माझ्याकडे पाहिलं.

“मक्याचं पीठ,” मी म्हणालो.